बॅटरीच्या जाड केबलला घरी थिंबल (केबलच्या टोकाला बसवून बोल्टने आवळायचा धातूचा तुकडा) बसवायचे तर हायड्रॉलिक क्रिम्पर (थिंबल दाबून घट्ट बसवणारे हत्यार) घ्यावाच लागतो का, की हातोडीने चेपून डाग (वितळलेल्या कथलाचा जोड) दिला तरी चालेल?

चालणार नाही. ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलवर हातोडीने चेपून डाग दिलेले थिंबल दिसायला कितीही भक्कम असले, तरी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारताना जाणारा प्रवाह तो जोड फार काळ पेलत नाही.

माझ्या चुलत भावाच्या ट्रॅक्टरचा सेल्फ ऐन ऊसतोडीच्या हंगामात जड फिरू लागला. केबल आमच्या नात्यातल्या एका काकांनी, जुन्या वायरमननी, केली होती. त्यांनी बॅटरीला दोष दिला, भावाने नवी बॅटरी आणली आणि फरक काहीच पडला नाही. मी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरून भावाला चावी फिरवायला सांगितली, तेव्हा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा तो आकडा दोनच्या आसपास गेला. ते थिंबल हॅकसॉने आडवे कापले. तोंडाशी कथलाचा चकचकीत थर होता, पण आत पोकळ्या राहून तारा काळ्या पडल्या होत्या. शिवाय कथील तारांमधून वर चढून जिथे थांबले होते, नेमक्या त्या कडेला इंजिनाच्या हादऱ्यांनी कित्येक तारा तुटल्या होत्या.

या जाडीच्या एक मीटर तांब्याच्या केबलचा रोध जेमतेम अर्धा मिलिओहम असतो. जोडातच पाच मिलिओहम रोध आला, तर २०० अँपिअरला एक व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि २०० वॅट उष्णता त्या बोटभर जागेत साठते. क्रिम्परच्या षटकोनी डायने, म्हणजे दाबण्याच्या साच्याने, सगळ्या बाजूंनी सारखे दाबलेले थिंबल मी कापून पाहिले आहे. त्यात तारा वेगळ्या ओळखू येत नाहीत, तांब्याचा एकच सलग तुकडा दिसतो.

स्वस्त क्रिम्परच्या डायवरील आकड्यावर मात्र विसंबू नका, आधी एक नमुना दाबून कापून पाहा. दोन्ही बाजूंना कान फुटले, म्हणजे धातू पातळ पट्टीसारखा बाहेर आला, तर डाय लहान आहे. थिंबलात मावत नाहीत म्हणून तारा छाटू नका, आणि वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. हे सारे शुद्ध तांब्याच्या केबलबद्दल आहे. तार खरवडल्यावर आत पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, ती वापरूच नका. एक-दोन केबलींसाठी क्रिम्पर विकत घेण्याचीही गरज नाही, पॅनेलचे सामान विकणाऱ्या दुकानात विचारा, बरेच जण थिंबल दाबून देतात.

पूर्वी सगळे डागावरच चालत असे, असे काका आजही म्हणतात. ते खरे आहे, पण तेव्हा ब्लोलॅम्पने थिंबल पूर्ण तापवून ते कथलाने तुडुंब भरत असत. हातोडीने चेपून तोंडाशी कथलाचा थेंब सोडणे ही ती पद्धत नव्हेच.