कुत्र्याचा ताप उतरला, म्हणजे बबेसिया (गोचिडांतून येणारा रक्तातला परजीवी) गेला?

तसं धरून बसू नका. औषध लागू पडलं की कुत्रं लगेच शेपूट हलवत खायला येतं, आणि नेमकं तिथेच लोक गोळ्या सोडतात. कोर्स पुरा करा. रोज ओठ उचलून हिरड्या बघा, पांढुरक्याच्या गुलाबी होतायत का? लघवी गडद तपकिरी दिसली तर डॉक्टरांना लगेच फोन. पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) आणि प्लेटलेट्सचे आकडे तारखेसकट एकाच वहीत लिहा. एकट्या रिपोर्टवरून फारसं कळत नाही. अँटिबॉडी टेस्ट पुन्हा करू नका, ती बरं झाल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते (उगाच जिवाला घोर). स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती तपासणी) निगेटिव्ह आला तरी परजीवी थोडे उरलेले असू शकतात. बबेसिया गिब्सोनी हा प्रकार असेल तर कोर्स संपल्यावर 60 आणि 90 दिवसांनी पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट) करून घ्या, दोन्ही निगेटिव्ह हवेत. गोचिडांचा बंदोबस्त मात्र आजच.