वाचकांचे प्रश्न : इगर्जींतील मध्ययुगीन वास्तुखुणा

प्रश्न : संपादक महोदय, सादर नमस्कार. युरोपातील खेड्यांमध्ये सात-आठशे वर्षांपूर्वीची पॅरिश चर्चे उभी आहेत, असे वाचनात आले. आपल्या गोव्यातील गावोगावच्या इगर्जी, म्हणजे चर्चे, त्या परंपरेतल्या म्हणता येतील काय? तसे असल्यास त्या खुणा कोठे पाहाव्यात? - एक वाचक, फोंडा

उत्तर : कालगणनेनुसार पाहिल्यास नाही. युरोपातील मध्ययुग संपत आले त्या सुमारास, 25 नोव्हेंबर 1510 रोजी, पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकर्कने आदिलशाही सैन्याकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकून घेतला आणि त्यानंतरच येथे इगर्जी उभ्या राहू लागल्या. गोव्यात मध्ययुगीन प्रार्थनास्थळ पाहायचे तर तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिराकडे जावे लागेल. तथापि बांधणारे हात आणि त्यांच्या सवयी नव्या शतकाबरोबर लगेच बदलत नाहीत. पोर्तुगालमधून आलेले पहिले गवंडी ज्या बांधकामात तयार झाले होते, ते मध्ययुगाच्या अखेरच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या, वळणाचे होते. म्हणून आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर जुन्या गोव्यात, मोंते सांतो नावाच्या टेकडीवर मिळते.

तेथील रोझरी मातेची इगर्ज 1540 च्या दशकात बांधली गेली. याच टेकडीवरून आल्बुकर्कने लढाई पाहिली आणि विजय मिळाल्यास येथे इगर्ज बांधण्याचा नवस केला, अशी परंपरा आहे. बांधकाम मात्र त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने झाले. दुरून पाहणाऱ्यास ही इगर्ज लहानशा गढीसारखी वाटते : जाड भिंती, उंचावरच्या छोट्या खिडक्या, पुढे काढलेला बुरुजवजा मनोरा आणि त्याच्या बाजूंना घुमटीचे गोल बुरूज. त्या बुरुजांभोवती दगडी दोरखंड गुंडाळल्यासारखे पट्टे आहेत. पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल (कारकीर्द 1495 ते 1521) याच्या काळात गॉथिक बांधणीला जहाजांवरील दोर, गाठी अशा सागरी अलंकरणाची जोड मिळाली. ही मानुएल शैली गोव्यात इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच उरली आहे. सेंट फ्रान्सिस असिसीच्या इगर्जीचा दरवाजा त्याच शैलीचा आहे, कारण 1661 मध्ये ती इमारत नव्याने बांधताना 1521 च्या मूळ वास्तूचा तेवढा दरवाजा राखून ठेवला गेला.

रोझरीच्या आत गेल्यावर मुख्य वेदीवरील छत आवर्जून पाहावे. एकमेकींना छेदणाऱ्या दगडी फासळ्यांवर ते पेललेले आहे. अशा छताचा भार फासळ्यांवाटे कोपऱ्यांकडे उतरतो, आणि याच युक्तीमुळे मध्ययुगीन युरोपातील गवंड्यांना उंच, हलकी छते बांधता आली. वेदीजवळच दोना कातारीना हिची समाधी आहे. ती गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी. समाधीचा लेख पोर्तुगीज असला तरी तिच्यावरील कोरीवकाम हिंदुस्थानी कारागिराच्या हातचे आहे, हे पाहताक्षणी जाणवते. गोव्याच्या वास्तुकलेचा पुढचा सारा प्रवास मला त्या एका कोरीव दगडात सुरू झालेला दिसतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस या प्रसिद्ध इगर्जीपाशी गर्दी करणाऱ्यांपैकी फार थोडे या टेकडीपर्यंत चढतात, याची खंत वाटते.

गावोगावच्या इगर्जी याहून निराळ्या आहेत. कॅथलिक पंथाच्या ट्रेंट येथील धर्मसभेनंतर (1545 ते 1563) प्रवचनाला महत्त्व आले. सर्वांना वेदी दिसावी आणि शब्द ऐकू यावा म्हणून खांबांची अडचण नसलेला एकच प्रशस्त दालनवजा भाग, बाजूच्या भिंतीवर प्रवचनाचा सज्जा, वेदीमागे सोनेरी मुलाम्याचा भव्य लाकडी देखावा, अशी रचना रूढ झाली. सासष्टी तालुक्यात जेझुइट आणि बार्देश तालुक्यात फ्रान्सिस्कन या संघांच्या धर्मगुरूंनी ती गावागावांत नेली. या इमारती चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा सच्छिद्र असल्याने आपल्या पावसात चुन्याच्या गिलाव्याविना तो टिकत नाही, आणि म्हणूनच त्या शुभ्र दिसतात.

त्यांच्या पायाखालचा इतिहासही सांगितला पाहिजे. अनेक इगर्जी मोडलेल्या देवळांच्या जागी उभ्या राहिल्या आणि देवळांच्या जमिनींचे उत्पन्न त्यांच्याकडे वळवण्यात आले. मडगावची होली स्पिरिट इगर्ज दामोदराच्या देवळाच्या जागी आहे. देव जांबावली गावी हलवला गेला. दिवाडी बेटावर पिएदाद इगर्जीच्या दफनभूमीतील कपेलात (लहान प्रार्थनागृहात) कदंबकालीन मानले जाणारे कोरीवकाम अद्याप शिल्लक आहे. गावच्या इगर्जीजवळचा खराखुरा मध्ययुगीन अवशेष पाहायचा असेल, तर तो हा.

एका बाबतीत मात्र आपल्या इगर्जी आणि युरोपातील मध्ययुगीन चर्चे सारखीच आहेत : दोन्ही एका दमात बांधलेली नसतात. इंग्लंडमधील खेड्यात दरवाजाची गोल कमान बाराव्या शतकातील, टोकदार खिडक्या चौदाव्यातील आणि मनोरा त्याहून नंतरचा असे सहज आढळते. तेथे वेदीकडील भागाची डागडुजी धर्मगुरूने आणि लोक बसण्याच्या भागाची गावाने करायची, अशी विभागणी असे. मडगावची पहिली इगर्ज 1565 च्या सुमाराची, तर सध्याची 1675 ची. त्यामुळे दर्शनी भिंतीवरचे साल वाचून संपूर्ण वास्तूचे वय ठरवू नये.

प्रश्न : आमच्या गावच्या कपेलाच्या खिडक्यांना शिंपले बसवलेले आहेत. दुरुस्तीत ते काढून काच लावण्याचा विचार चालू आहे. हे योग्य होईल काय? - एक वाचक, तिसवाडी

उत्तर : कृपया तसे करू नये. काच दुर्मिळ होती तेव्हा चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवले जात. त्यांतून ऊन गाळून मऊ उजेड आत येतो. या शिंपल्याचा जीव आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे एकदा काढून टाकलेले शिंपले पुन्हा सहज मिळणार नाहीत. चौकट कुजली असल्यास फक्त लाकूड बदलावे, शिंपले हलक्या हाताने सोडवून जपून ठेवावेत आणि फुटलेल्यांच्या जागी मागील बाजूच्या खिडकीतील शाबूत शिंपले वापरावेत. काच लावणे अटळ असेल, तर ती त्या मागच्या खिडकीला लावावी.