वाचक विचारतात : प्रॉडक्शनमध्ये हात घालायचा कोणी?

ताई, नमस्कार. बाणेरला आमची सहा जणांची कंपनी आहे. मिठाईच्या दुकानांसाठी ऑनलाइन ऑर्डर घेण्याचं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो, ते कुबेर्नेटिस क्लस्टरवर (अनेक मशीनवर प्रोग्राम विभागून चालवणाऱ्या व्यवस्थेवर) आहे. डिप्लॉय, म्हणजे नवं रूप तिथे चढवणं, ऑफिसातल्या जेनकिन्स या बिल्ड करणाऱ्या साधनावरून होतं. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी एकदम वाढल्या, तेव्हा आमच्यातल्या एकाने रात्री थेट प्रॉडक्शनमध्ये (गिऱ्हाइकं वापरतात त्या चालू सिस्टिममध्ये) पॉडची, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या एकेका प्रतीची, मेमरी-मर्यादा वाढवली. कोणाला सांगितलं नाही. गौरी गेल्यावर नेहमीचं डिप्लॉय झालं, जुनी मर्यादा परत आली आणि पॉड एकामागून एक मरायला लागले. आता साहेब म्हणतात, ‘आर्गो सीडी बसवून टाका.’ सुरुवात कुठून करू? आणि असं पुन्हा होणार नाही ना?
— एक वाचक, बाणेर

त्या सहकाऱ्याला फार बोलू नका. रात्री ऑर्डरी तुंबलेल्या असताना त्याने केलं ते त्या घटकेला बरोबरच होतं. घोळ झाला तो क्लस्टरमध्ये लिहिणारे दोघे होते म्हणून, एक हा आणि एक जेनकिन्स, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. त्यात आर्गो, म्हणजे लिहून ठेवलेलं तसंच क्लस्टरमध्ये चालू ठेवणारं साधन, हा तिसरा आणून बसवलात तर गोंधळ वाढेलच. साहेबांना आधी एवढंच पटवा की आर्गो आला की बाकी सगळ्यांनी हात काढायचे. जेनकिन्सनेसुद्धा.

जेनकिन्सने इमेज (प्रोग्रामचा चालवायला तयार गठ्ठा) बांधावी, टेस्ट चालवाव्यात, इमेज रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) ढकलावी आणि शेवटी गिटमधल्या (फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनातल्या) एका फाइलीत नव्या इमेजचा टॅग, म्हणजे तिच्या आवृत्तीची खूण, लिहावा. तिथे त्याचं काम संपलं. आर्गो क्लस्टरच्या आतच राहतो, दर तीनेक मिनिटांनी गिटकडे बघतो आणि तिथे लिहिलेलं व इथे चाललेलं जुळतंय का ते ताडून पाहतो. सोसायटीत एखादे काटेकोर सेक्रेटरी असतात ना, ठरावाच्या वहीत नाही ते झालंच नाही म्हणणारे, तसा हा. ऑफिसातल्या जेनकिन्सच्या मशीनवर क्लस्टरचे सगळे हक्क असलेली चावी पडून असणार, ती आता काढून टाकता येते. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही आर्गो बसवावा. शिवाय गुरुवारी लाइट गेली आणि जेनकिन्स बंद पडला, तरी जुन्या टॅगवर मागे जायला कोणीही घरून गिटमध्ये रिव्हर्ट करू शकतो.

ही टॅगची फाइल आणि बाकीची यॅमल (क्लस्टरमध्ये काय चालावं ते लिहिलेल्या फाइली) कोडच्या रेपोत (गिटमधल्या साठ्यात) ठेवू नका, वेगळी रेपो करा. एकत्र ठेवलं तर टॅग बदलल्याच्या कमिटमुळे (गिटमधल्या नोंदीमुळे) जेनकिन्स पुन्हा बिल्ड सुरू करतो, तो पुन्हा टॅग बदलतो, आणि हे चक्र थांबत नाही. टॅग म्हणून ‘लेटेस्ट’ वापरत असाल तर आजच सोडा. फाइलीतला शब्द बदलला नाही तर आर्गोच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. कमिटच्या हॅशची (गिट प्रत्येक नोंदीला देतं त्या ओळखखुणेची) पहिली काही अक्षरं टॅग म्हणून घ्या, म्हणजे चाललंय ते नेमकं कुठल्या कोडचं आहे हेही कळतं.

प्रत्यक्ष बसवणं सोपं आहे. ‘आर्गोसीडी’ नावाची नेमस्पेस (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) करायची आणि प्रकल्पाने दिलेली इन्स्टॉलची यॅमल लावायची. दोन ठिकाणी मात्र हमखास अडकायला होतं. ‘मेटाडेटा अ‍ॅनोटेशन्स टू लाँग’ असा एरर आला तर घाबरू नका. साधं अप्लाय (यॅमल क्लस्टरला लावायची कमांड) अख्खी फाइल एका अ‍ॅनोटेशनमध्ये, म्हणजे वस्तूला जोडलेल्या टिपेत, साठवतं, अ‍ॅनोटेशनना 262144 बाइटांची मर्यादा आहे आणि आर्गोची एक व्याख्या-फाइल त्याहून मोठी आहे. सर्व्हर साइड अप्लाय वापरलं की प्रश्न मिटतो. दुसरं, इनग्रेसमागे (बाहेरची ये-जा क्लस्टरमध्ये घेणाऱ्या दारामागे) ठेवल्यावर ब्राउझर ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ म्हणतो. इनग्रेस एचटीटीपीएस उघडून आत साधं एचटीटीपी पाठवतो, आर्गो ते परत एचटीटीपीएसकडे धाडतो, आणि दोघे चेंडू टोलवत बसतात. आर्गोच्या पॅरामीटरच्या कॉन्फिगमॅपमध्ये (सेटिंगच्या यादीत) सर्व्हरचं ‘इनसिक्युअर’ ट्रू करा आणि सर्व्हरचा पॉड रीस्टार्ट करा. नाव ऐकून दचकायला होतं, पण बाहेरचं एचटीटीपीएस इनग्रेस सांभाळतोच आहे. अ‍ॅडमिनचा पहिला पासवर्ड एका सीक्रेटमध्ये मिळतो. तो बदला आणि ते सीक्रेट डिलीट करा.

यानंतर घाई नको. चालू क्लस्टरमधल्या डिप्लॉयमेंटची यॅमल काढा, त्यातलं स्टेटस, यूआयडी, रिसोर्स व्हर्जन, तयार झाल्याची वेळ असला क्लस्टरने घातलेला मजकूर खरवडून टाका आणि उरलेलं गिटमध्ये ठेवा. मग आर्गोत अ‍ॅप्लिकेशन बनवा, पण सिंक (गिटमधलं क्लस्टरला लावणं) हाताने करायचं ठेवा. पडद्यावर पिवळं ‘आउट ऑफ सिंक’ दिसेल. सिंक दाबायच्या आधी ‘डिफ’ उघडा आणि एकेक ओळ वाचा. गणपतीत वाढवलेल्या मेमरीसारखे कोणी कोणी काय काय गुपचूप बदललंय ते तिथे बाहेर पडतं. त्यातलं हवं ते गिटमध्ये लिहायचं, नको ते जाऊ द्यायचं. सगळं हिरवं झालं आणि आठवडाभर हिरवं राहिलं की मग ऑटो सिंक.

ऑटो सिंक चालू केलं तरी ‘प्रून’ आणि ‘सेल्फ हील’ आपोआप चालू होत नाहीत, ती दोन बटणं वेगळी आहेत. तुम्हाला हवंय ते सेल्फ हील. कोणी हाताने काही बदललं तर आर्गो काही सेकंदांत ते पूर्ववत करतो. पण ते चालू करण्याआधी बघा की लोडप्रमाणे पॉड वाढवणारा एचपीए तुमच्याकडे आहे का. असेल आणि यॅमलमध्ये ‘रेप्लिका 3’ (म्हणजे तीन पॉड) असंही लिहिलेलं असेल, तर पुढच्या गणपतीत एचपीए पॉड आठवर नेईल आणि आर्गो ते ओढून तीनवर आणेल. पुन्हा आठ, पुन्हा तीन. उपाय म्हणजे रेप्लिकाची ओळ यॅमलमधून काढून टाकणं. त्यातही एक खोच आहे. ओळ आधी होती आणि आता नाही असं दिसलं की अप्लाय तो आकडा काढून घेतं, आणि कुबेर्नेटिसचा मूळ आकडा एक आहे. म्हणजे एचपीए सावरेपर्यंत तुमचा डोलारा एका पॉडवर! हे काम भर सणात करू नका. पितृपक्षात करा, तेव्हा मिठाईला गिऱ्हाईक कमी असतं.

प्रूनच्या बाबतीत मी जरा भित्री आहे. गिटमधून फाइल गेली की क्लस्टरमधूनही ती वस्तू काढून टाकायची, हे प्रूनचं काम, आणि ते चोख करतं. कोणी फाइलीची जागा चुकून हलवली तरी चोखच करतं. डेटाबेसच्या पीव्हीसीवर (त्याचा डेटा ज्या डिस्कवर राहतो तिच्या मागणीवर) ‘प्रून फॉल्स’ आणि ‘डिलीट फॉल्स’ हे दोन्ही सिंक ऑप्शन लावल्याशिवाय प्रूनला हात लावू नका. दुसरा ‘डिलीट’ का, तर आर्गोच्या पडद्यावरून अ‍ॅप्लिकेशन डिलीट केलं की नुसती नोंद जात नाही, नेहमीच्या पर्यायात खालचे पॉड, सर्व्हिस सगळंच जातं. नव्या मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगा.

राहिला प्रश्न रात्रीचा. सगळ्यांना प्रॉडक्शनमध्ये फक्त बघायचा हक्क ठेवा आणि आर्गोतही बाय डिफॉल्ट ‘रीड ओन्ली’ रोल द्या. मेमरी वाढवायची असेल तर फोनवर एकाला उठवून गिटमध्ये एका ओळीचा बदल, दुसऱ्याचं अप्रूव्हल, आणि रिफ्रेश दाबलं की लगेच लागू. मागे जायचं तर गिट रिव्हर्टच. ऑटो सिंक चालू असताना आर्गोचं रोलबॅक चालतच नाही, आणि ते योग्यच आहे. गिटच बंद पडलं तर काय, असं साहेब विचारतील. त्यासाठी पूर्ण हक्कांचं एक खातं बाजूला ठेवा, त्याचा पासवर्ड दोघांकडेच असू दे, आणि वापरलं की सकाळी आल्या आल्या तोच बदल गिटमध्ये लिहायचा, नाहीतर सेल्फ हील सुरू होताच तो पुसला जाईल.

आर्गो आणि त्याच कामाचं दुसरं साधन फ्लक्स, यांत टिकणारं कोणतं? उद्या कंपनी बंद पडली तर?
— एक वाचक, हडपसर

दोन्ही टिकतील असं धरून चाला. आर्गोची सुरुवात अप्लॅटिक्समध्ये झाली, ती कंपनी 2018 मध्ये इंट्युइटने घेतली आणि 2020 मध्ये प्रकल्प सीएनसीएफकडे (क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनकडे) आला. 2022 च्या शेवटाला हा आणि फ्लक्स दोघेही तिथे ग्रॅज्युएट झाले, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाला पोचले. तुमची शंका अगदीच निराधार नाही. फ्लक्स सुरू करणारी वीव्हवर्क्स 2024 मध्ये खरोखरच बंद पडली, पण फ्लक्स चालूच आहे. निवड त्यावर करू नका. टीममध्ये टेस्टर, सपोर्टवाले यांनाही काय चाललंय ते बघायचं असेल तर आर्गो घ्या, त्याचा पडदा फार चांगला आहे. सगळे टर्मिनलवालेच असाल तर फ्लक्स आटोपशीर आहे.

सगळं गिटमध्ये ठेवायचं म्हणता, मग डेटाबेसचा पासवर्डही? आमच्याकडे तो बेस सिक्स्टीफोर करून ठेवलाय.
— एक वाचक, कोथरूड

अहो, बेस सिक्स्टीफोर म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे! एका कमांडने कोणीही ते सरळ करून वाचतो. तो पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला. फाइल डिलीट करून भागणार नाही, गिटच्या इतिहासात ती राहतेच.

छोट्या टीमला मी सील्ड सीक्रेट्स सुचवते. क्लस्टरमध्ये एक कंट्रोलर बसतो, त्याच्याकडे खासगी चावी असते. तुम्ही सार्वजनिक चावीने पासवर्ड सील करता आणि ते सीलबंद रूप बिनधास्त गिटमध्ये ठेवता. नेमस्पेस किंवा नाव बदललं तर जुनं सील उघडत नाही, लोक तिथे डोकं खाजवत बसतात. आणि त्या खासगी चाव्यांचा बॅकअप क्लस्टरबाहेर ठेवा. दर 30 दिवसांनी नवी चावी तयार होते आणि जुन्याही लागतात, तेव्हा बॅकअप एकदाच घेऊन विसरू नका. क्लस्टर गेला आणि चाव्याही गेल्या, तर गिटमधलं सगळं सीलबंद सामान उघडायला कोणीच नाही.

मी कर्वेनगरला हॉस्टेलवर राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉपला 8 जीबी रॅम. क्लाउडचे पैसे न भरता आर्गो शिकता येईल का?
— एक विद्यार्थी

येईल की. डॉकरवर ‘काइंड’ या साधनाने एका नोडचा (एका मशीनचा) क्लस्टर उभा कर, ब्राउझरचे टॅब बंद ठेव. आर्गोवाल्यांनीच सरावासाठी एक रेपो खुली ठेवली आहे, त्यातलं गेस्टबुक फोर्क करून तुझ्या खात्यात घे, नाहीतर तुला त्यात बदल करता येणार नाहीत. ते सिंक झालं की हाताने रेप्लिका वाढव आणि पडदा पिवळा होताना बघ. मग सेल्फ हील चालू करून तेच पुन्हा कर. नंतर टॅगमध्ये मुद्दाम चूक कर आणि ‘इमेज पुल बॅकऑफ’ कुठे दिसतो ते शोध, मुलाखतीत हे हमखास विचारतात. अडलास तर पुन्हा लिही, पण सोबत रेपो सर्व्हरचा लॉग पाठव. नुसतं ‘होत नाहीये’ लिहून पाठवलंस तर माझ्याकडूनही होणार नाही.