हिंगणघाटकडून कामठीला फुटबॉल मॅच, एका दिवसात जाऊन-येऊन

भाऊ, तुमचा प्रश्न असा: हिंगणघाट तालुक्यातलं खेडं, बारा मित्र, डिसेंबर-जानेवारीत कामठीला फुटबॉलच्या टुर्नामेंटची मॅच पाहायची आणि त्याच रात्री घरी परतायचं. गाडी कोणती, निघायचं कधी, सोबत काय न्यायचं आणि मैदानावर बसायचं कुठं. बहुतेकांनी मॅच फक्त मोबाइलवर पाहिली आहे, हेही तुम्ही लिहिलं आहे.

पहिली गोष्ट, दिवस आखताना मॅचच्या वेळेवर भरवसा ठेवू नका, उजेडाचा हिशेब धरा. स्थानिक मैदानांवरच्या बहुतेक मॅचेस दिवसाउजेडीच होतात. नागपूर-कामठीकडे डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच सूर्य मावळतो, जानेवारीच्या मध्यात पावणेसहाच्या पुढे आणि फेब्रुवारीच्या शेवटी सव्वासहाच्या आसपास. त्यानंतर चेंडू दिसण्याजोगा उजेड जेमतेम वीस मिनिटं राहतो. मॅच केव्हा सुरू करायची, आयोजकांना किती घाई असेल, बरोबरी झाली तर काय करतील, तुम्ही किती वाजता परत फिराल, सगळं यावरच ठरतं.

हिशेब करून बघा. पूर्ण मॅच म्हणजे 45-45 मिनिटांचे दोन हाफ, मध्ये 15 मिनिटं सुटी, शिवाय वाया गेलेल्या वेळेची पाचसहा मिनिटं. एकूण एक तास पन्नास मिनिटं. बाद फेरीत बरोबरी झाली तर पेनल्टी शूटआउटला आणखी पंधरा मिनिटं. म्हणजे साडेतीनला सुरू झालेली मॅच डिसेंबरात अंधाराशी शर्यत लावते. त्यावर 15-15 मिनिटांचा जादा वेळ खेळवणं शक्यच नसतं, म्हणून पुष्कळ टुर्नामेंटमध्ये तो वगळून थेट पेनल्टी घेतात. काही ठिकाणी हाफच 35 किंवा 30 मिनिटांचे ठेवतात. तुमच्या टुर्नामेंटचा नियम कोणता, हे पोस्टरवरच्या नंबरवर फोन करून आधीच विचारा. विचारायच्या गोष्टी चार: हाफ किती मिनिटांचा, त्या दिवशी मॅच एक की दोन, बरोबरीला काय, आणि तिकीट आहे की मोकळा प्रवेश.

फायनलच पाहायची असा हट्ट नसेल तर सेमीफायनलचा दिवस धरा. फायनलला पाहुणे येईपर्यंत मॅच थांबते, मग खेळाडूंची ओळख, हारतुरे, भाषणं. अर्धा-पाऊण तास सहज जातो, गर्दी दुप्पट असते आणि बक्षीस समारंभात गाडी अडकून पडते. सेमीफायनलला खेळ तोच, चुरस बहुधा जास्त, आणि एकाच दिवशी दोन्ही सेमी असल्या तर एका खेपेत चार टीम पाहून होतात. रब्बानी, राहुल क्लब, यंग मुस्लिम ही नागपूर-कामठीच्या फुटबॉलमध्ये नेहमी ऐकू येणारी नावं. यांपैकी दोन टीम समोरासमोर असतील तो दिवस चुकवू नका, कारण त्या दिवशी पाहणारेही जाणकार असतात आणि त्यांच्या बोलण्यातून निम्मा खेळ समजतो.

तारीख ठरवण्याआधी घरची कामं बघा. हे दिवस कापूस वेचणीचे, तुरीच्या कापणीचे आणि गहू-चण्याच्या ओलिताचे. कृषी पंपाची लाइन त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, हे बाराही जणांनी आधी पाहावं. दिवसाची पाळी असलेले दोघंतिघं सकाळी हमखास गळतात आणि मग वर्गणीचा हिशेब बिघडतो. त्यासाठी वर्गणी बारा जणांत न वाटता दहा जणांत वाटून आधीच जमा करा. सगळे आले तर उरलेले पैसे संध्याकाळी परत द्या. कमी पडल्यावर रात्री बारा वाजता ड्रायव्हरसमोर खिसे चाचपण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पैसे एकाच्याच हाती राहू द्या.

आता गाडी. बारा जणांना क्रूझर योग्य, पण ती नऊ आणि बारा अशा दोन्ही आसनांत येते, म्हणून आरसी बुकावर किती सीट लिहिल्या आहेत ते पाहूनच ठरवा. पिवळ्या पाटीची, पासिंग आणि विमा चालू असलेली गाडी घ्या. पिकअप किंवा छोट्या हत्तीत मागं ताडपत्री टाकून जायचा विचार मनातूनही काढा. मालवाहू गाडीतल्या प्रवाशांना अपघातात विम्याचं संरक्षण मिळणं फार कठीण होतं आणि रात्रीच्या थंडीत पाठीमागं उघड्यावर तीन तास काढणं हाल असतात. भाडं ठरवताना डिझेल, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून एकच आकडा ठरवा आणि किती तासांसाठी तेही बोलून घ्या. हिंगणघाट ते कामठी एका बाजूनं नव्वदेक किलोमीटर, त्यात तुमचं गाव ते हिंगणघाट मिळवा. जाऊन-येऊन दोनशे धरले आणि गाडीनं लिटरला 11 किलोमीटर दिले तर 18 लिटर डिझेल लागतं. सांगितलेला भाव यावर ताडून बघता येतो. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक गाडीत आहे का, हे निघताना ड्रायव्हरला विचारू नका, स्वतः पाहा.

रस्ता सरळ आहे: हिंगणघाट, जाम, बोरखेडीचा टोलनाका, बुटीबोरी, मग वर्धा रोडनं नागपूर. वर्धा रोडवर जामठ्याला क्रिकेटचं स्टेडियम आहे. त्याच दिवशी तिथं आंतरराष्ट्रीय सामना असला तर बुटीबोरीच्या पुढं गाडी मुंगीच्या चालीनं सरकते, तेव्हा तारीख ठरवताना तेही बघा. शहरातून कामठी रोडला निघायला दुपारी एक तासाच्या वर लागतो. शहर टाळायचं तर पूर्वेकडच्या बायपासनं कापशीवरून कामठीच्या बाजूला निघता येतं. किलोमीटर आणि टोल थोडे वाढतात, पण सिग्नलचा त्रास वाचतो.

मॅच साडेतीनची असेल तर अडीचला मैदानावर हवं. उलटं मोजत आलात तर जेवण धरून साडेनऊला गाव सोडावं लागतं, दहाच्या पुढं नाहीच. सकाळी धुकं असलं तर अर्धा तास आणखी. कामठीतलं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार पाहायचं असेल तर साडेसातलाच निघा आणि ते मॅचच्या आधी उरका. मॅचनंतर बघू म्हणाल तर उशीर ठरलेलाच.

गाडी जमली नाही आणि तिघं-चौघंच उरले तर एसटी आहे. नागपूरला पोचल्यावर सीताबर्डीहून मेट्रोच्या ऑरेंज लाइननं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जा. तो कामठी रोडवरच आहे, पुढं ऑटो किंवा ‘आपली बस’ ही शहर बस. खरी अडचण परतीची. नागपूरहून चंद्रपूरला जाणाऱ्या गाड्या जामवरून वरोऱ्याकडे वळतात, हिंगणघाटला येत नाहीत. घाईत त्यात बसलात तर रात्री जामच्या चौकात उतरून साधन शोधत उभं राहावं लागतं. हिंगणघाट किंवा पांढरकवडा अशी पाटी पाहूनच चढा. आणि हिंगणघाटहून तुमच्या गावाला येणारी मुक्कामी गाडी तोवर निघून गेलेली असेल, म्हणून सकाळीच मोटारसायकली हिंगणघाटात ओळखीच्या घरी ठेवून जा.

शिदोरी घरचीच न्या. पोळ्या, कोरडा झुणका, तिखट ठेचा, आलूची सुकी भाजी, फुटाणे-मुरमुरे आणि सोबत संत्री. रसाची भाजी डब्यातून सांडते आणि दही दुपारपर्यंत आंबतं. माणशी तीन पोळ्या दुपारी आणि दोन रात्रीला अशा धरल्या तर साठ पोळ्या होतात. एका घरावर भार टाकू नका, चार घरांत पंधरा-पंधरा सांगा. जेवण शहरात शिरण्याआधी बुटीबोरीच्या अलीकडे सावली पाहून उरका, कारण मैदानाजवळ बारा जणांनी पंगत मांडावी अशी जागा मिळेलच असं नाही. पाण्याची 20 लिटरची एक कॅन गाडीत आणि प्रत्येकाजवळ लिटरची बाटली. मैदानावर शौचालय असेलच हे गृहीत धरू नका. सोबत बायका-मुली असतील तर मैदानावर जायच्या आधी पेट्रोल पंपावर थांबा घ्याच. टोपी दुपारसाठी, स्वेटर रात्रीसाठी, आणि सुटे पैसे तिकीट-पार्किंगसाठी.

मैदानावर कुठं बसायचं, यावर थोडं सविस्तर, कारण मॅच पाहण्याची खरी मजा इथंच ठरते. फुटबॉलचं मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण लांबीचं आखतात. अशा मैदानाच्या पश्चिम बाजूला बसा. साडेतीननंतर सूर्य तुमच्या पाठीशी राहतो. पूर्वेला बसलात तर दुसरा हाफभर डोळ्यांवर हात धरून पाहावं लागतं आणि गोलच्या वेळीच चेंडू उन्हात हरवतो. बरोबर मधल्या रेषेवर गर्दी होते. तिथं जागेसाठी भांडण्यापेक्षा एका बाजूच्या मोठ्या चौकोनाच्या रेषेसमोर, म्हणजे गोलरेषेपासून साडेसोळा मीटरवर बसा. ऑफसाइड, म्हणजे पास निघताना चढाईचा गडी बचावाच्या ओळीच्याही पुढं असणं, तिथूनच उमगतो, कारण बॅक लोकांची, म्हणजे बचाव करणाऱ्यांची, ओळ बहुधा तिथंच हलत असते. पायऱ्या किंवा उंचवटा असेल तर वर बसा. जमिनीवरून फक्त पाय दिसतात, वरून मोकळी जागा दिसते.

चुन्याच्या रेषेपासून निदान दोन मीटर मागं राहा. तिथून लाइन्समन धावतो, थ्रोइन, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हातानं आत, टाकणाऱ्याला मागं दोन पावलं लागतात आणि घसरत आलेला खेळाडू तुमच्या पायांत येतो. लोक मॅच रंगली की इंचाइंचानं पुढं सरकतात, मग पंच खेळ थांबवतो आणि उजेड तेवढा कमी होतो. गोलच्या जाळीमागं लहान पोरांना उभं करू नका. चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा असतो आणि पोस्टच्या बाजूनं गेलेला जोरकस फटका तोंडावर बसला तर दात पडतो.

टॉस जवळून पाहा. टॉस जिंकणारा कर्णधार कुठल्या गोलवर चढाई करायची ते निवडतो किंवा पहिली किक घेतो. मैदान पूर्व-पश्चिम असेल तर शहाणा कर्णधार पहिल्या हाफमध्ये आपल्या किपरला सूर्याकडे तोंड करून उभा करतो. तेव्हा सूर्य थोडा वर असतो. बाजू बदलल्यावर, सूर्य खाली आल्यावर, ते ऊन समोरच्या किपरच्या डोळ्यांत जातं. मग उंच चेंडू त्याच्याच दिशेनं का येत आहेत हे तुम्हाला कळेल. जमीनही बघा. कडक मुरमाच्या मैदानावर चेंडू पहिल्या टप्प्याला छातीच्या वर उसळतो, म्हणून तिथं जमिनीलगत पास देणारी टीम अडखळते आणि छातीवर चेंडू घेऊन पायाशी उतरवणारा गडी सोन्याचा ठरतो. वॉर्मअपमध्ये कोण चेंडू पहिल्या स्पर्शात थांबवतो ते हेरून ठेवा आणि मॅचभर दहा-दहा मिनिटं त्या एकावरच नजर ठेवा. फक्त चेंडूमागं नजर पळवली तर खेळ कळत नाही.

दिवस फसतो तो बहुधा दोन कारणांनी: तारीख बदलते किंवा समोरची टीम आली नाही म्हणून वॉकओव्हर मिळतो. आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या दिवशी सकाळी सातला, असे दोन फोन कराच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर विसंबू नका, त्यावर जुनीच तारीख राहून जाते.

परतीला शिटी वाजल्यापासून अर्ध्या तासात गाडी हलली पाहिजे. गाडी मैदानाच्या दारात न लावता मुख्य रस्त्याकडे तोंड करून थोडी लांब लावा आणि जागा सगळ्यांना सकाळीच दाखवा, कारण गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही. मॅच चालू असताना ड्रायव्हरला झोपू द्या, त्याला पाहायला ओढू नका. रात्री मोठ्या रस्त्यावर कापसानं भरलेल्या, मागं लाल दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, आणि हिंगणघाट सोडून गावच्या रस्त्याला लागलं की रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. रोही एक दिसली की लगेच वेग तोडायला सांगा. पहिली पार झाली तरी मागून दुसरी उडी घेते. पुढच्या सीटवर जागा राहणारा एक गडी बसवा आणि त्यानं ड्रायव्हरशी बोलत राहावं. साडेसहाला कामठी सोडलीत तर वाटेत चहा धरून दहाच्या सुमारास गावात असाल.