अर्धी वाटी दुधाने काय होणार?

प्रश्न : माझं बाळ अडीच महिन्यांचं आहे. पोटभर पितं, वजनही छान वाढतंय. तरी पहाटे छाती दगडासारखी घट्ट होते आणि काढलेलं दूध मी बेसिनमध्ये ओतून देते. ते मातृदुग्ध पेढीला, म्हणजे आयांनी दान केलेलं दूध गरजू बाळांसाठी साठवणाऱ्या केंद्राला, द्यावंसं वाटतं. पण जाऊबाई म्हणतात, असं वाटत सुटलीस तर आटेल, आपल्याच लेकराला कमी पडेल. शिवाय निघतं ते जेमतेम अर्धी वाटी. एवढ्याशाने काय होणार?

उत्तर : आधी त्या अर्ध्या वाटीचं बोलते, कारण ती ओतली जाते हे वाचून मला राहवेना. मी २२ वर्षं नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. एक किलोच्या बाळाला सुरुवातीला आम्ही दर दोन तासांनी एखादा मिलिलिटर दूध देतो, तोंडातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने. दिवसाचं झालं १२ मिलिलिटर. तुमच्या ६० मिलिलिटरमध्ये अशा पाच बाळांचा दिवस निघतो.

त्यांच्या आया कुठे असतात? बऱ्याचदा त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, वाढलेल्या रक्तदाबाशी झुंजत. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ सहसा जमत नाही. आणि बाळ ओढत नाही म्हणून पान्हाही लवकर फुटत नाही. एक ९०० ग्रॅमची मुलगी मला अजून आठवते. तिच्या आईला चौथ्या दिवशी चीक आला, सिरिंजच्या तळाशी दोन पिवळे थेंब. ते आम्ही बाळाच्या गालाच्या आत लावले. तोवरचे तीन दिवस ती पेढीतल्या दुधावर होती. पावडरचं दूध दिलं असतं, तर त्या कोवळ्या आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा धोका वाढला असता. त्या आजारात बाळं हातची जातात. मी पाहिलंय.

जाऊबाईंची काळजी खोटी नाही, पण दूध साठ्यातून येत नाही. छाती रिकामी होते तसं ते तयार होतं, तुंबून राहिलं की शरीरच ते कमी करतं. मात्र तुमचं बाळ पिऊन झाल्यावर उरेल तेवढंच काढा. जास्त देण्याच्या ओढीने दिवसभर पंप लावून बसू नका; दूध गरजेपेक्षा वाढेल आणि गाठी होतील. बाळाचं वजन अडलं, तर देणं लगेच थांबवा.

पेढीत तुमची रक्ततपासणी होईल : एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस. औषधं, तंबाखू, दारू यांचीही चौकशी होईल, राग मानू नका. मग दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवतात. त्यात थोडे संरक्षक घटक कमी होतात, पण बरेचसे टिकतात. जंतूंची तपासणी झाल्याशिवाय ते बाळापर्यंत जात नाही. म्हणूनच ओळखीतल्या कुणाच्या बाळाला परस्पर दूध देऊ नका, कितीही जीव तुटला तरी.

उद्या फोन करा आणि दूध कशात काढायचं, किती वेळ ठेवायचं हे पेढीलाच विचारा. बाटल्या बहुधा तेच देतील. काढण्याआधी हात साबणाने धुवा, बाटलीवर तारीख-वेळ लिहा. आणि पहाटेचा तो पहिला पान्हा आधी तुमच्या बाळाला पिऊ द्या.