आवाज येतो पण पडदा काळा : पॅनल गेलं म्हणून टीव्ही टाकू नका

प्रश्न : आमचा ४३ इंची एलईडी टीव्ही पाच वर्षांचा आहे. गेले काही महिने चित्र जरा निळसर दिसत होतं, आम्ही लक्ष दिलं नाही. आता चालू केला की कंपनीचा लोगो सेकंदभर चमकतो आणि पडदा काळा, आवाज मात्र नीट येतो. सासूबाई रोजचं कीर्तन नुसतं ऐकतात. मेकॅनिक म्हणाला पॅनल गेलंय, नवीनच घ्या. खरंच घ्यावा लागेल का? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : ताई, घाई करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून पॅनल (चित्र काढणारी काच) नाही, बॅकलाइट (तिच्यामागचे दिवे) गेलेला वाटतोय, आणि हे घरीच तपासता येतं. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टीव्ही चालू करून रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी जवळ, थोडा तिरका धरून बघा. मेनूची अक्षरं पुसट का होईना दिसली तर पॅनल चित्र काढतंय, फक्त त्याच्या मागे उजेड नाहीये. काहीच दिसलं नाही तर मात्र आतल्या सर्किट बोर्डकडे किंवा पॅनलकडे बघावं लागेल.

होतं काय, की पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यातले दिवे जुन्या दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एक उडाला की त्या ओळीचा करंटच तुटतो. उरलेल्या ओळी क्षणभर पेटतात, पण पट्ट्यांना करंट पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला गडबड कळते आणि ते सगळंच बंद करतं, तुमचा लोगो चमकून जातो तो बहुतेक यामुळेच. आणि निळसरपणा ही आधीची खूण होती. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्याच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो, उष्णतेने तो थर खराब झाला की निळा उजेड जास्त बाहेर येतो.

आता दुरुस्ती. मागचं झाकण उघडून हे काम घरी करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. प्लग काढला तरी पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज राहू शकतो. शिवाय पट्ट्या पॅनलच्या मागे असतात, म्हणजे काच उचलल्याशिवाय हात पोचत नाही, आणि काचेच्या कडेला ज्या पातळ रिबन असतात त्यातली एक जरी फाटली किंवा काच जराशी वाकली की मग खरोखरच पॅनल गेलं. ४३ इंचाला दोन माणसं लागतात, हातमोजे लागतात, उजेड सारखा पसरवणाऱ्या डिफ्यूझरच्या शीट काढल्या त्याच क्रमाने परत बसवाव्या लागतात. म्हणून मेकॅनिकला आधीच विचारा, काच तुटली तर जबाबदारी कोणाची, आणि उत्तर टाळलं तर दुसरा शोधा.

आणखी एक, फक्त उडालेला एलईडी बदलू देऊ नका, पट्ट्यांचा पूर्ण सेट टाकायला सांगा. बाकीचेही तितकेच तापलेले, तितकेच जुने, थोड्या दिवसांनी दुसरा जाणार आणि परत तीच काच उचलायची, शिवाय नवीन दिव्याचा उजेड वेगळा पडून पडद्यावर डाग दिसतो. पट्टीवरचा नंबर जुळवून घ्यायचा, एलईडी ३ व्होल्टचा की ६ व्होल्टचा तेही बघायचं, कारण बाजारात दोन्ही मिळतात. साध्या मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायचं मीटर) ६ व्होल्टचा एलईडी पेटत नाही, तेवढ्यावरून कोणी 'सगळेच गेले' म्हणालं तर एलईडी टेस्टर लावून दाखवायला सांगा. सेटचा खर्च नव्या पॅनलच्या मानाने फारच कमी असतो.

टीव्ही घरी आला की पिक्चर मोड व्हिव्हिड किंवा डायनॅमिकवर ठेवू नका, स्टँडर्डवर आणा आणि बॅकलाइट ६०-७० टक्क्यांवर. बऱ्याच टीव्हीत 'ब्राइटनेस' नावाची सेटिंग वेगळी असते, ती नुसती काळ्या रंगाची पातळी बदलते, तिने दिव्यांवरचा ताण कमी होत नाही, तेव्हा 'बॅकलाइट' असं लिहिलेलीच शोधा.

प्रश्न : पडद्यावर चार-पाच गोल पांढरे ठिपके आलेत, बाकी चित्र छान आहे. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : एलईडीवर उजेड पसरवणारं प्लास्टिकचं छोटं भिंग चिकटवलेलं असतं, गोंद सुटून ते पडलं की तिथे ठिपका दिसतो. एलईडी शाबूत असतील तर भिंगं परत चिकटवता येतात, पण काच उचलायचीच आहे तर पट्ट्या किती तापल्यात ते त्याच वेळी बघून घ्या.