राष्ट्रध्वज जाळणं हा कायद्यानं गुन्हा असावा का?

आपल्याकडं गुन्हा आहेच की ओ, 1971 च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. असावा का म्हणाल तर असू दे, पण दंडापुरता. डोकं फिरलं म्हणून कुणी झेंडा पेटवला तर त्याला तीन वर्षं आत टाकणं मला पटत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1989 ला 5 विरुद्ध 4 नं सांगितलं की निषेध म्हणून झेंडा जाळणाऱ्याला शिक्षा करता येणार नाही, तो देश काय बुडाला नाही.

मी स्वतः तिरंगा जाळलाय. थांबा, शिव्या नंतर द्या. 2022 ला घरोघरी झेंडे लागले तेव्हा आमच्याही गच्चीवर लागला, पॉलिस्टरचा, नंतर उतरवायचं कुणाच्या लक्षातच नाही आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतय, पार चिंध्या झाल्या, रंग उडाला. मग मी फ्लॅग कोड, म्हणजे झेंड्याची सरकारी नियमावली, वाचला. त्यात सरळ लिहिलंय, फाटका झेंडा खासगीत, मान राखून, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करा. म्हणून गच्चीवर घमेल्यात जाळला, पोराला शेजारी उभं करून. पॉलिस्टर नीट जळत पण नाही, वितळून चिकटतं, वास सुटतो.

नेमके तेव्हा गड्ड्याच्या, म्हणजे इथल्या सिद्धेश्वराच्या, यात्रेला आलेले आमचे साडू जिन्यात. "काय करालाव ओ हे!" म्हणून आरडाओरडा, आणि संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर मी देशद्रोही. मला देशप्रेम शिकवतात! 1930 ला इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, सोसलेलं गाव आहे हे, इथले चार जण 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले, आणि साडू त्यांच्याच नावाच्या चौकात उभारून भजी खात होते आदल्या दिवशी. यांच्या स्वतःच्या गाडीवर 15 ऑगस्टचा प्लास्टिकचा झेंडा गणपतीपर्यंत चिखल खात फडफडतो. प्लास्टिकचा झेंडा कोडमध्ये बसत नाही, आणि गाडीवर लावायचा मान राष्ट्रपती, मंत्री अशा ठराविक लोकांनाच आहे. पण धूर निघत नाही ना, मग चालतंय.

हां, एक राहिलं, मी वकील नाही. चारचौघांत जाळलात, व्हिडिओ काढून नेटवर टाकलात तर केस होऊ शकते, कायद्यात लोकांच्या नजरेसमोर केलेलं कृत्यच धरलंय. सरकारवर टीका करायला मात्र त्याच कायद्यात मोकळीक आहे. साडूंनी ग्रुपवरचा तो मेसेज अजून डिलीट केलेला नाही.